तांबे, बुरशी आणि कोळी : फ्लोरिडाच्या संत्राबागांतील एक शतक

फळबागांवर तांब्याची फवारणी करण्याची पद्धत फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून जगभर पसरली. बोर्दो परिसरातील मेदोक भागात रस्त्यालगतच्या वेलींची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुना यांचे किळसवाणे दिसणारे मिश्रण शिंपडले जाई. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या, हे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांनी 1882 मध्ये हेरले आणि रसायनशास्त्रज्ञ उलिस गेयाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून 1885 मध्ये त्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील बागायतदार ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतात ते हेच होय. दहा वर्षांच्या आत ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या संत्राबागांत पोचले आणि तेथे त्याने एक असा प्रश्न उभा केला की ज्याचे उत्तर शोधण्यात कीटकशास्त्रज्ञ आणि बुरशीशास्त्रज्ञ यांच्या तीन पिढ्या खर्ची पडल्या. ज्या झाडांवर तांबे फवारले जाई त्यांवरील बुरशीजन्य रोग आटोक्यात येत, परंतु त्याच झाडांवर खवले किडी आणि कोळी फवारणी न केलेल्या झाडांपेक्षा अधिक माजत.

या प्रश्नाच्या केंद्रस्थानी असलेला जीव डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. इंग्रजी भाषक बागायतदार त्याला रस्ट माइट म्हणतात, म्हणजे सालीवर गंजासारखा थर आणणारा कोळी. कोळी हा कीटक नव्हे. तो अष्टपाद वर्गातला, जाळे विणणाऱ्या कोळ्याचा दूरचा नातलग. त्यातही हा कोळी ज्या एरिओफाइड कुळातला आहे, त्या कुळातील प्राण्यांना आठांऐवजी चारच पाय असतात. त्याचे शरीर पिवळसर व पाचरीच्या आकाराचे असून लांबी एक मिलीमीटरच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास भरते. उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढापर्यंतची अवस्था आठ-दहा दिवसांत पूर्ण होत असल्याने त्याची संख्या काही आठवड्यांतच अफाट वाढते. तो फळाच्या सालीतील वरच्या पेशींना सोंड खुपसून त्यांतील रस शोषतो, त्या पेशी मरतात आणि साल तपकिरी पडते. कोवळ्या फळाला हा उपद्रव झाल्यास साल खरखरीत होते. पक्वतेच्या जवळ आलेल्या फळाला झाल्यास ती गुळगुळीत राहून काशाच्या रंगाची दिसते. अशी फळे काहीशी लहान राहतात आणि त्यांतील पाणी लवकर उडते, मात्र आतला गर खाण्यास उत्तम असतो.

जॅक्सनव्हिल येथील विल्यम हॅरिस ॲशमीड यांनी 1879 मध्ये या कोळ्याला शास्त्रीय नाव दिले. तथापि त्याच्या जीवनक्रमाचे पहिले बारकाईचे वर्णन हेन्री हबर्ड यांच्या संत्र्यावरील किडींविषयीच्या 1885 सालच्या सरकारी अहवालात सापडते. फ्लोरिडातील क्रेसेंट सिटी येथे राहून लिहिलेला हा अहवाल आजही वाचनीय आहे, कारण हबर्ड यांची नजर झाडावरच्या ऊनसावलीपर्यंत पोचलेली होती. कोळी थेट ऊन टाळतात आणि गडद सावलीही टाळतात, त्यामुळे फळावर तपकिरी रंगाचा पट्टा बहुधा उजेड आणि सावली यांच्या सीमेवर कड्यासारखा उमटतो, ही त्यांची नोंद पुढच्या संशोधकांना मार्गदर्शक ठरली. तपकिरी साल हा संत्र्याच्या वेगळ्या वाणाचा गुण आहे असा समज त्या काळी काही ठिकाणी होता, आणि अशी फळे अधिक गोड व दूरच्या प्रवासात टिकाऊ मानून घेणारे ग्राहकही होते. गंधक हा या कोळ्यावरचा हुकमी उपाय आहे हे त्याच काळात उमगले आणि पुढील पाऊण शतक फ्लोरिडाच्या बागांतून गंधकाची भुकटी किंवा गंधक-चुन्याचा काढा कधी हद्दपार झाला नाही.

तांबे बागेत आले ते कोळ्यासाठी नव्हे, बुरशीसाठी. 1890च्या दशकात फ्लोरिडातील युस्टिस येथे केंद्रीय कृषी खात्याची एक छोटी प्रयोगशाळा होती. तेथील वॉल्टर स्विंगल आणि हर्बर्ट वेबर या दोन तरुण वनस्पतिरोगतज्ज्ञांनी मेलॅनोज या रोगाचे वर्णन केले. वाळलेल्या काटक्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर खालच्या कोवळ्या पानाफळांवर पडतात आणि तेथे काळपट, खरखरीत ठिपके उठतात, असा हा रोग. फुलांच्या पाकळ्या गळल्यानंतरच्या काही आठवड्यांत बोर्डो मिश्रण फवारले की तो थांबतो. परंतु तसे केल्यास खवले किडी वाढण्याचा धोका आहे, हा इशाराही त्यांच्या 1896 सालच्या पुस्तिकेत तेव्हाच दिलेला आढळतो. उपायाबरोबरच त्याचा दुष्परिणाम नोंदवण्याची ही सचोटी दुर्मीळ म्हणावी लागेल, आणि पुढील पन्नास वर्षांत त्या इशाऱ्याकडे जे अर्धवट लक्ष दिले गेले त्यामुळे ती अधिकच उठून दिसते.

या इशाऱ्यामागे फ्लोरिडाच्या हवामानाचे एक वैशिष्ट्य होते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत खवले किडींना आवर घालण्यासाठी लेडीबर्ड भुंगेऱ्यांसारखे मित्रकीटक आणले गेले. फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यात मात्र तेच काम प्रामुख्याने बुरशी करीत. पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर लाल आणि पिवळ्या पुळ्यांसारखी दिसणारी अस्करसोनिया बुरशी वाढे, तर खवले किडींवर इतर तांबड्या-पांढऱ्या बुरशा वाढत. बागायतदार त्यांना मित्रबुरशी म्हणून ओळखू लागले होते. पी. एच. रोल्फ्स, हॉवर्ड फॉसेट आणि ई. डब्ल्यू. बर्गर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या मित्रबुरशींचा अभ्यास आणि प्रसार केला. बुरशी लागलेली पाने नव्या झाडांना टाचणीने अडकवण्यापासून ते बीजाणू पाण्यात मिसळून फवारण्यापर्यंतच्या पद्धती तेव्हा रूढ झाल्या, आणि राज्याच्या वनस्पती मंडळाकडून लाल अस्करसोनियाची वाढवलेली बुरशी बागायतदारांना मिळू लागली. एकाच बागेत एका हाताने बुरशी पेरायची आणि दुसऱ्या हाताने बुरशीनाशक फवारायचे, हा विरोध त्या काळच्या फ्लोरिडात उघड दिसत होता. 1920च्या दशकात मेलॅनोजसाठी जी शिफारस स्थिर झाली तिने त्यातून वाट काढली ती बोर्डो मिश्रणातच खनिज तेलाचे पायस मिसळून. तांब्यामुळे ज्या खवले किडी वाढणार होत्या त्यांना तेलाने गुदमरवून मारायचे, असा तो हिशेब होता. निसर्गाकडून फुकट होणारे काम बंद पाडून तेच विकतच्या औषधाने करून घेण्याची ही रीत पुढे इतकी अंगवळणी पडली की तिच्यातला मूळ तोटा कोणाच्या हिशेबवहीत वेगळा दिसेनासा झाला.

खवले किडीवरची बुरशी डोळ्यांना दिसते. कोळ्यावरची दिसत नाही. त्यामुळे तांबे आणि कोळी यांच्या संबंधाचे कोडे बरेच उशिरा सुटले. जूनमध्ये फळांवर हजारोंनी वावरणारे कोळी पावसाचा जोर वाढल्यानंतर, जुलै-ऑगस्टमध्ये, काही दिवसांत अचानक नाहीसे होतात, हे बागायतदारांच्या अनुभवाचे होते. पाऊस त्यांना धुऊन नेतो अशी सर्वसाधारण समजूत होती. कृषी खात्याचे एल्डन स्पिअर आणि डब्ल्यू. डब्ल्यू. योदर्स यांनी 1924 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते : फ्लोरिडातील रस्ट माइटवर एखादी बुरशी तर हल्ला करीत नाही ना? निस्तेज झालेल्या कोळ्यांच्या शरीरात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले होते. ज्या झाडांवर बोर्डो फवारलेले असे त्यांवर कोळ्यांची ही नैसर्गिक पडझड होत नाही, या निरीक्षणाला त्यामुळे प्रथमच एक संभाव्य कारण मिळाले. परंतु ती बुरशी प्रयोगशाळेत वेगळी काढून तिची ओळख पटवण्याचे काम त्यानंतर पाव शतक तसेच राहिले.

दरम्यान तांब्याचा वापर कमी न होता वाढतच गेला, आणि त्याचे एक कारण मातीत होते. फ्लोरिडाच्या मध्यवर्ती कण्यावरची जमीन म्हणजे जवळजवळ निव्वळ वाळू. अशा जमिनीत संत्र्याच्या फांद्या शेंड्याकडून वाळत येत, सालीखाली डिंकाच्या गाठी धरत आणि फळांवर तपकिरी डाग पडत. नत्रयुक्त खताच्या अतिरेकाने हे होते असे पूर्वी मानले जाई. 1910च्या दशकात बोर्डो फवारलेली झाडे या विकारातून सुधारतात असे दिसले आणि हळूहळू स्पष्ट झाले की हा रोग नसून मातीतील तांब्याची कमतरता आहे. त्यामुळे मोरचूद खतातूनही घातले जाऊ लागले. बुरशीनाशक म्हणून फवारलेले तांबे पानांवरून ओघळून अखेर जमिनीतच जात होते, त्यात ही भर पडली. तांबे वाळूतून वाहून जात नाही. वरच्या काही इंचांत ते सेंद्रिय द्रव्याला धरून बसते. 1950च्या सुमारास वॉल्टर रॉयथर आणि पॉल स्मिथ यांनी जुन्या बागांतील मातीचे परीक्षण केले तेव्हा साठलेल्या तांब्याने मुळांची वाढ खुंटवली असून झाडांना लोह मिळेनासे झाल्याने पाने पिवळी पडत आहेत, असे निष्पन्न झाले. ज्या जमिनीत एका पिढीपूर्वी तांब्याची उणीव होती त्याच जमिनीत आता त्याचे विष झाले होते.

लेक आल्फ्रेड येथे 1917 मध्ये स्थापन झालेले लिंबूवर्गीय फळांचे संशोधन केंद्र या सर्व घडामोडींचे मुख्य ठिकाण बनले. तेथील कीटकशास्त्रज्ञ डब्ल्यू. एल. टॉम्प्सन यांनी 1939 मध्ये दाखवून दिले की तांबेच नव्हे, तर पोषणासाठी फवारली जाणारी जस्तासारखी द्रव्येही किडींच्या वाढीला हातभार लावतात. येथून वादाला नवे वळण लागले. जस्ताची फवारणी बुरशी मारण्यासाठी नव्हती, तरीही किडी वाढत असतील तर मित्रबुरशी मेल्यामुळे किडी वाढतात हे स्पष्टीकरण अपुरे पडत होते. जेम्स हॉलोवे आणि टी. रॉय यंग यांनी 1943 मध्ये हा धागा टोकाला नेला. पानावर कोणत्याही अविद्राव्य भुकटीचा थर राहिला, मग त्या भुकटीत बुरशी मारण्याचा गुण असो वा नसो, जांभळी खवले कीड वाढते, असे त्यांना आढळले. थरामुळे खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर नवजात पिल्लांना चिकटून बसण्यास अधिक आधार मिळतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता, आणि त्यातून मित्रबुरशीचे महत्त्व आजवर फुगवून सांगितले गेले असावे असा निष्कर्ष निघत होता.

हा वाद केवळ पंडिती नव्हता. दोष मूळ धातूचा असेल तर तांब्याऐवजी दुसरे बुरशीनाशक शोधणे हा मार्ग होता. दोष थराचा असेल तर कमी अवशेष ठेवणारे मिश्रण वापरणे पुरेसे होते. बोर्डोमध्ये चुन्याचे प्रमाण मोठे असल्याने त्याचा पांढुरका-निळा थर पानावर दाट बसे. त्याच्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखी, चुन्याची गरज नसलेली तयार ताम्रसंयुगे 1940च्या दशकात फ्लोरिडात रूढ होत गेली. फवारणीची सोय हे त्यामागचे एक कारण, आणि कमी थर हे दुसरे.

कोळ्याच्या बाबतीत निर्णायक पुरावा 1949-50 मध्ये मिळाला. लेक आल्फ्रेडच्या एफ. ई. फिशर, जे. टी. ग्रिफिथ्स आणि टॉम्प्सन यांनी बागांतील कोळ्यांमध्ये पसरलेल्या बुरशीच्या साथीचे वर्णन केले, आणि फिशर यांनी 1950 मध्ये त्या बुरशीला हिर्सुटेला थॉम्पसोनाय असे नाव दिले. नावातील दुसरा शब्द त्यांचे सहकारी टॉम्प्सन यांच्या सन्मानार्थ आहे. जांभळ्या खवले किडीवरची आणखी एक हिर्सुटेला जातीही त्याच लेखात नोंदली गेली. स्पिअर आणि योदर्स यांच्या प्रश्नाला अखेर होकारार्थी उत्तर मिळाले होते.

या बुरशीची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय तांब्याचा घाव नेमका कोठे बसतो हे कळत नाही. पानाच्या पृष्ठभागावर तिचे बारीक धागे पसरतात, त्यांवर सुरईच्या आकाराचे देठ उभे राहतात आणि प्रत्येक देठाच्या टोकावर चिकट द्रवात गुंडाळलेला बीजाणू धरतो. चालत्या कोळ्याचा पाय त्याला लागला की बीजाणू चिकटतो, रुजतो, शरीरात शिरतो, आणि काही दिवसांतच कोळ्याचे सारे शरीर धाग्यांनी भरून जाते. मग हे धागे बाहेर पडून पानावर पसरतात व नवे बीजाणू धरतात. यासाठी पानावर दव किंवा पावसाचा ओलावा आणि जवळजवळ पूर्ण आर्द्रता लागते. म्हणजे या बुरशीचा जीवनक्रम किडीच्या शरीरात जितका, तितकाच पानाच्या उघड्या पृष्ठभागावर घडतो, आणि नेमक्या त्याच पृष्ठभागावर तांब्याचा थर बसलेला असतो. ऋतूंचा मेळही प्रतिकूल होता. मेलॅनोजची फवारणी वसंतात होत असल्याने पावसाळ्यापर्यंत तिचा जोर थोडा तरी ओसरलेला असे. पण पानांवर तेलकट डाग पाडून पानगळ घडवणाऱ्या बुरशीजन्य रोगासाठी उन्हाळी पावसाच्या तोंडावर जून-जुलैत तांबे फवारले जाऊ लागले तेव्हा ते हिर्सुटेलाच्या नेमक्या हंगामातच पडले. कोळ्यांची दरवर्षीची पडझड लांबली किंवा चुकली की बागायतदार गंधक फवारी, आणि गंधक कोळ्यांबरोबर त्यांना खाणाऱ्या परभक्षी कोळ्यांनाही मारी.

थर की विष, या जुन्या वादाचा निकाल एका बाजूने लागला नाही, आणि तो तसा लागणे शक्यही नव्हते, कारण दोन्ही पक्ष दोन निरनिराळ्या किडींविषयी बोलत होते. खवले कीड एकदा जागा धरली की हलत नाही, म्हणून तिच्या बाबतीत पृष्ठभागाच्या खडबडीतपणाला महत्त्व येते. रस्ट माइट सतत फिरता असून त्याचा मुख्य नियंत्रक बुरशी आहे, म्हणून त्याच्या बाबतीत तांब्याचा बुरशीनाशक गुणच निर्णायक ठरतो. 1943च्या निष्कर्षाने मित्रबुरशीचे महत्त्व सरसकट खाली आणले, ही त्या अभ्यासाच्या मर्यादेपलीकडची उडी होती, आणि तिची किंमत कोळ्याच्या संशोधनाला मोजावी लागली.

याच सुमारास फ्लोरिडाच्या फळधंद्याचे स्वरूप मुळापासून बदलत होते. लेक आल्फ्रेडलाच 1940च्या दशकात गोठवलेल्या घट्ट संत्रारसाची कृती तयार झाली आणि 1948 मध्ये तिचे पेटंट नोंदले गेले. पुढील दशकांत राज्यातील बहुतांश संत्री रसाच्या कारखान्यांकडे जाऊ लागली. रसासाठी पिळल्या जाणाऱ्या फळाची साल तपकिरी असली तरी काही बिघडत नाही. बाजारात मांडण्याच्या फळाला जी फवारणी अपरिहार्य वाटे ती रसाच्या बागेत बरीच टाळता येण्यासारखी होती. कोळ्याला किती सहन करावे याचे माप कोळ्याने नव्हे, तर ग्राहकाच्या नजरेने ठरवलेले होते, ही गोष्ट या बदलामुळे प्रथमच आकड्यांत मांडता आली. असे असूनही फवारणीचे वेळापत्रक सवयीने चालूच राहिले, ही खेदाची बाब होय.

हिर्सुटेलाला मानवी हातांनी कामाला लावण्याचा प्रयत्न 1970च्या दशकात क्लेटन मकॉय यांच्या संशोधनातून पुढे आला. तिच्यापासून तयार केलेले ‘मायकार’ हे उत्पादन ॲबट कंपनीने बाजारात आणले आणि 1981 मध्ये त्याला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. परंतु साठवणीतील अडचणी आणि शेतातील अनिश्चित परिणाम यांमुळे काही वर्षांतच ते मागे घेतले गेले. बुरशी विकत आणून फवारण्यापेक्षा बागेत मुळातच असलेली बुरशी न मारणे अधिक फलदायी आहे, हा धडा त्यातून निघण्यासारखा होता.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दोन ठिकाणी येतो. नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यात तांबे पूर्वापार वापरले जाते ते मुख्यतः डिंक्या रोगासाठी, आणि त्यासाठी पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावले जाते. मलम पानांवर जात नसल्याने पानावरील मित्रबुरशीला त्यापासून धोका नाही. मात्र शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना या प्रमाणातील मिश्रण संपूर्ण झाडावर पुन्हा पुन्हा फवारले जाते तेव्हा फ्लोरिडाचा अनुभव लक्षात घेण्याजोगा ठरतो. दुसरा संबंध कोकणाचा. 1998 मध्ये केरळात प्रथम आढळलेला नारळावरील एरिओफाइड कोळी पुढे पश्चिम किनारपट्टीवर पसरला, तेव्हा बंगळूरच्या जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने त्याच्यावर वाढणारी हिर्सुटेला थॉम्पसोनाय वेगळी करून ‘मायकोहिट’ हे जैविक कोळीनाशक तयार केले. लेक आल्फ्रेडला नाव मिळालेली बुरशी अशा रीतीने नारळाच्या बागांत कामाला आली.

फ्लोरिडात मात्र तांबे पुन्हा परतले, आणि या वेळी बुरशीसाठी नव्हे तर जिवाणूसाठी. खैऱ्या या जिवाणूजन्य रोगाचे राज्यातून 1933 मध्ये उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले होते. 1995 मध्ये तो मायामीजवळ पुन्हा सापडला, आणि 2004 व 2005च्या चक्रीवादळांनी तो इतका पसरवला की जानेवारी 2006 मध्ये झाडे तोडून जाळण्याची मोहीम थांबवण्यात आली. त्यानंतर कोवळी फळे वाचवण्यासाठी साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने तांबे फवारणे हा नित्यक्रम झाला. मेलॅनोजसाठी वर्षातून एकदोनदा होणाऱ्या फवारणीच्या तुलनेत हा मारा कितीतरी दाट होता. तांब्याची कोणती संयुगे कोळीनाशकांबरोबर एकाच टाकीत मिसळावीत आणि त्याचा कोळ्यांवर काय परिणाम होतो, याच्या कार्ल चिल्डर्स यांनी घेतलेल्या चाचण्या 1994 मध्येच प्रसिद्ध झाल्या होत्या. खैऱ्याने त्या प्रश्नाला नव्याने निकड आणली. 2005 मध्ये त्यात सिट्रस ग्रीनिंगची भर पडली. हा रोग पसरवणाऱ्या सिला किडीवर कीटकनाशकांचे सत्र सुरू झाले आणि परभक्षी कोळ्यांसह उरलेसुरले मित्रकीटकही त्यात सापडले. 2003-04च्या हंगामात सुमारे 24 कोटी पेट्या संत्री देणाऱ्या राज्याचे उत्पादन 2023-24 मध्ये 2 कोटी पेट्यांच्याही खाली आले. उरलेल्या बागांत तांब्याची फवारणी झाल्यानंतर भिंग घेऊन फळावरचे कोळी मोजण्याचे काम आजही करावे लागते.